कुत्रीला कशाला नाव?

आमच्या दिंद्रुडात कुत्र्याचं बारसं कुणी घालत नाही, नाव आपोआप पडतं. रंगावरून काळ्या नाहीतर पांढऱ्या, अंगापिंडानं दांडगा असला की वाघ्या. मोत्या तर गल्लीगल्लीत एक. पुढं टीव्ही आला आणि टायगर, टॉमी, रॉकी दारात बसायला लागले. शहरातली शिकलेली माणसं यावर हळहळतात, मराठी नावं गेली म्हणतात. मला त्यात रडण्यासारखं काही दिसत नाही. हाक मारली आन् कुत्रं भाकरीला धावत आलं, म्हणजे नाव कामाचं. रडायचंच असलं तर ज्यांना नावच मिळत नाही त्यांच्यासाठी रडावं.

वरची नावं पुन्हा वाचा. सगळी नराची. कुत्री व्याली की आधी पिल्लाचं शेपूट वर करून बघतात. नर असला तर पोरं सदऱ्यात घालून घरी आणतात. माय आधी शिव्या देते, मग वाटीत दूध वतते. मादी निघाली की पोत्यात घालून वढ्याच्या पलीकडं सोडायची. चुकून एखादी जगलीच, तर तिला दोनच शब्द ऐकायला मिळतात, ‘यू यू’ आणि ‘हाड’.

विचारलं तर उत्तर तयार असतं, “कुत्री ठेवली की पिल्लं होतेत, कोण सांभाळणार?” अडचण खरी आहे. अर्धं गाव ऊसतोडीला जातं, तिथं माणसाचंच बिऱ्हाड कसंबसं हलतं. पण ती पिल्लं काय ती एकटी आणते? मोत्याला हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

काहीजण म्हणतात, रीतच तशी. कुठली रीत? ऋग्वेदात पणींनी लपवलेल्या गाई हुडकून काढणारी सरमा ही कुत्रीच. तिच्यावरूनच संस्कृतात कुत्र्याला सारमेय म्हणतात, म्हणजे सरमेचं लेकरू. नाव आईचं लागलं, बापाचं नाही. उलट महाभारतात धर्मराजाच्या मागं स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेल्या कुत्र्याला नाव नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, कुत्र्या-मांजराचं एवढं काय घेऊन बसलात? मग २०११ ची जनगणना बघा. बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली, राज्यात सगळ्यात कमी. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या पोरींना सरकारी कार्यक्रम घेऊन नवी नावं द्यावी लागली. लेकीची आणि कुत्रीची बरोबरी मी करत नाही. बघणाऱ्याची नजर एकच आहे, एवढंच म्हणते. पिल्लाचं शेपूट वर करून बघणाऱ्या हातांना पुढं सोनोग्राफीचं मशीन सापडलं.

म्हणून पुढच्या खेपेला कुत्री व्याली तर एक मादी दारात ठेवा. नसबंदी जनावरांचा डॉक्टर करतो. तिला ठकी म्हणा, चिमी म्हणा, सरमा म्हणा. घरातल्या पोराला रोज तिच्या नावानं हाक मारू द्या. मादीलाही नाव असतं, हे त्याला लहानपणीच कळलं पाहिजे.