ओळख असते, आपण मोजत नाही

गेल्या महिन्यात कोंढव्यातील एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. भवानी पेठेत त्यांचे डेंटिंग-पेंटिंगचे छोटे गॅरेज आहे. मुलगा बी. कॉम. झाला आहे आणि त्याला एमबीए करून विमा क्षेत्रात जायचे आहे. घरात दोन वर्षांच्या फीवरून वाद चालला आहे. मुलाची अम्मी बांगड्या मोडायला तयार आहे, अब्बांचे मन मात्र घेत नाही. ते म्हणाले, "भाई, पदवी घेऊन काय होणार? नोकरी तर ओळखीवर मिळते आणि विम्यात आपल्या ओळखीचे कुणीच नाही."

हा प्रश्न एका घरापुरता नाही. म्हणून त्यांना जे सांगितले, तेच येथे लिहीत आहोत.

विमा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बॅग घेऊन दारात आलेला एजंट उभा राहतो. एजंट होण्यासाठी दहावी पास, ठरलेले प्रशिक्षण आणि एक परीक्षा पुरते. त्यासाठी एमबीएची गरज नाही. परंतु एजंटच्या मागे फार मोठे काम चालते. कोणती जोखीम घ्यायची आणि हप्ता किती लावायचा हे ठरवणारा अंडररायटर, दावा तपासून निकाली काढणारा क्लेम्स अधिकारी, नुकसान मोजणारा सर्व्हेअर, ग्राहकाच्या बाजूने कंपन्यांशी बोलणारा ब्रोकर, गणिताने पुढचे अंदाज बांधणारा ॲक्चुअरी ही सगळी वेगवेगळी कामे आहेत. पुणेकरांना त्यासाठी लांब पाहायला नको. येरवड्यात बजाज समूहाच्या विमा कंपन्यांची मुख्य कार्यालये आहेत. बालेवाडीत नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी आहे. १९८० साली स्थापन झालेली ही संस्था विम्यातील दोन वर्षांचा व्यवस्थापन पदविका अभ्यासक्रम चालवते. साधी एमबीए करायची तर कॅम्पातील आझम कॅम्पसमध्येही व्यवस्थापन महाविद्यालय आहे.

मग पदवीने काय मिळते? हिशेब, आकडेवारी, कराराचा कायदा आणि बाजार यांची समज मिळते. कंपनीत इंटर्नशिप करण्याची संधी आणि मुलाखतीच्या खोलीत जाण्याची परवानगी मिळते. त्यापुढे तीच पदवी वर्गातील सगळ्यांच्या हातात असते. विम्याचे खास ज्ञान वेगळे कमवावे लागते. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो या परीक्षा नोकरी करता करता देता येतात. ही संस्था १९५५ पासूनची आहे आणि तिच्या परीक्षांना या क्षेत्रात मान आहे. गणित चांगले असेल तर ॲक्चुअरीचा मार्ग वेगळा आहे. त्याची सुरुवात प्रवेश परीक्षेने होते, एमबीएने नव्हे.

आणखी एक दार आहे. एलआयसी आणि न्यू इंडिया ॲश्युरन्ससारख्या सरकारी कंपन्या अधिकारी पदांसाठी लेखी परीक्षा घेतात. सर्वसाधारण पदांना कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. तेथे गुण लागतात. "आपले कोणी नाही" म्हणून ही दारेही न ठोठावणे हे आपलेच नुकसान आहे.

आता ओळखीबद्दल. आपल्याकडे ओळख आणि वशिला हे एकच समजले जाते. वशिला म्हणजे लायकी नसताना कुणाकडून तरी आत ढकलून घेणे. ओळख म्हणजे आपले काम आणि आपली जबान चार लोकांना ठाऊक असणे. विम्याचा करारच मुळी दोन्ही बाजूंनी काही लपवायचे नाही या विश्वासावर उभा असतो. मोठ्या कारखान्याची जोखीम अनेकदा दोन-तीन कंपन्या वाटून घेतात. त्यामुळे एका कंपनीतील माणसांना दुसऱ्या कंपनीतील माणसे माहीत असतात. कोण वेळेवर कागद देतो, कोण खोटा अहवाल लिहितो, हे कळत राहते. नोकरीची जागा निघाली की यातलेच एखादे नाव पुढे येते.

अशी ओळख बापजाद्यांकडून मिळाली नाही तरी बनवता येते. पाहुणे व्याख्याते आले तर भाषणानंतर एक नेमका प्रश्न विचारावा. महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना लिहून नोकरी मागू नये, त्यांचे रोजचे काम काय आहे ते विचारावे. इंटर्नशिप संपल्यावर साहेबांना विसरू नये, ईदला आणि दिवाळीला दोन ओळी पाठवाव्यात. गरज पडल्यावरच आठवण काढणाऱ्याची ओळख टिकत नाही. मुलींनाही हे सारे करता येते. वर्गातल्या दोन मैत्रिणी मिळून एखाद्या सीनियर बाईंना भेटायला गेल्या, तर घरच्यांनी अडवू नये.

एक धोकाही सांगितला पाहिजे. आमच्या परिचयातील एका मुलाला एमबीएनंतर लगेच नोकरी लागली. पद मोठ्या नावाचे होते, काम मात्र पॉलिसी विकण्याचे. साहेबांचा पहिला प्रश्न होता, "नातेवाईक किती आहेत?" त्याने मामूंना, खालाला, शेजाऱ्यांना पॉलिसी दिल्या. खालाला वाटले, बँकेत ठेवतात तशी एकदाची ठेव आहे. दुसऱ्या वर्षी पुन्हा हप्ता मागितला गेला तेव्हा तिच्याकडे पैसे नव्हते. मुलाने नोकरी सोडली, पण खालाच्या घरचे दार अजून पूर्ण उघडलेले नाही. यालाही "नेटवर्किंग" म्हणतात. आम्ही याला अमानत खर्च करणे म्हणतो.

म्हणून नोकरी घेताना स्पष्ट विचारावे: पगार किती ठरलेला, किती टार्गेटवर? काम विक्रीचे की दाव्यांचे? आणि पॉलिसी घेणाऱ्या घरांनीही लक्षात ठेवावे की पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. कंपनीने तक्रार ऐकली नाही तर नारायण पेठेत विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तेथे फी लागत नाही.

राहिला मनातला प्रश्न: ही कमाई जायज आहे का? विम्याबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. व्याजाचा आणि अनिश्चिततेचा आक्षेप जुना आहे. दुसरीकडे, वाहनाचा थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. मलेशियाने १९८४ साली तकाफुलचा, म्हणजे परस्पर साहाय्यावर आधारलेल्या विम्याचा, कायदा केला. आखाती देशांतही अशा कंपन्या आहेत. आम्ही फतवा देणारे नव्हेत. एवढेच सुचवतो की ज्या आलिमांवर तुमचा भरवसा आहे त्यांना नेमके काम सांगून फी भरण्याआधी विचारा. दोन वर्षे आणि लाखभर रुपये गेल्यावर उठलेला प्रश्न घर पोखरतो.

त्या गृहस्थांना आम्ही म्हणालो, बांगड्या आजच मोडू नका. आधी मुलाला त्या महाविद्यालयातील गेल्या वर्षीच्या चार विद्यार्थ्यांना भेटू द्या. नोकरी कुठे लागली, काम काय, पगार किती, हे त्यांच्या तोंडून ऐका. मग आम्ही विचारले, "तुमच्या गॅरेजमध्ये अपघाताच्या गाड्या येतात, त्यांचे नुकसान बघायला कोण येते?"

"सर्व्हेअर येतात. एक तर दहा-बारा वर्षांपासून येतात, चहा घेतल्याशिवाय जात नाहीत. माझे बिल त्यांनी कधी कापले नाही, कारण मी कधी वाढवून लावले नाही."

मुलगा अब्बांकडे बघतच राहिला. ज्या घरात विम्यातील कुणाचीच ओळख नव्हती, तेथे बारा वर्षांची ओळख चहा पिऊन जात होती, आणि ती अब्बांच्या खऱ्या बिलांनी कमावलेली होती. मुलाने त्यांच्याकडे नोकरी मागायची नाही, दोन दिवस सोबत फिरून काम बघायची परवानगी मागायची, असे ठरले.

तुमच्याही घरी अशी एखादी ओळख असेल. फीचा हिशेब करण्याआधी तिचा हिशेब करा.