सातवरचा मालक, बारावरचे भात

टाळेबंदीत सरकारने शेतकऱ्यांना फुकट पैसे वाटले आणि त्यांना आयते खायची सवय लावली, ही तक्रार पुण्यात अजून ऐकू येते. ती निदान पुऱ्या माहितीवर तरी करावी.

२६ मार्च २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात ८.६९ कोटी शेतकऱ्यांना २००० रुपये होते. पण हा पैसा नवा नव्हता. पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये २०१९ पासूनच चालू होते. त्यातला एप्रिल-जुलैचा हप्ता एप्रिलच्या तोंडावर सोडला, एवढेच. पगार चार दिवस आधी झाला म्हणून त्याला कोणी बोनस म्हणत नाही.

राहिले आयते खाणे. ६००० म्हणजे महिन्याला ५००. त्या वर्षी राज्यात रोजगार हमीचा रोज २३८ रुपये होता. त्या दराने २००० रुपयांत आठ रोज भरतात: भाताच्या लावणीला चार माणसे, दोन दिवस. खासगी रोज त्याहून चढा. राब भाजणे, चिखलणी, खत हे सगळे वेगळेच. एवढ्यावर आळशी व्हायचे तर माणसाला मुळातच फार हौस हवी!

पण योजनेचे गोडवे गाणारे म्हणतात, पैसा थेट खऱ्या शेतकऱ्याच्या खात्यात गेला. हेही मला पटत नाही. पैसा गेला तो सातबाऱ्यातल्या सातवर, म्हणजे मालकीवर. बारावर, जिथे पीक लिहितात, तिकडे कोणी पाहिले नाही. भोर-वेल्ह्यात हा फरक मोठा आहे. एका गटावर दहा-बारा नावे, निम्मी मुंबईत, एखाद्याची वारसनोंद अजून व्हायची. खाचर कसतो मागे राहिलेला भाऊ, नाहीतर वाट्याने करणारा कोणी. पुणेकराने घेतलेल्या फार्महाऊसच्या जमिनीचाही सातबारा असतोच. पुढे आयकर भरणाऱ्यांकडून हप्ते वसूल करायच्या नोटिसा निघाल्या, त्या उगीच नाही. वाटेकऱ्याला या योजनेत जागाच नव्हती. भूमिहीन कातकऱ्यालाही नव्हती. आदिवासी कुटुंबांसाठी राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये ४००० रुपयांची खावटी मंजूर केली, निम्मी रोख, निम्मी वस्तूंत. तोवर लावणीचा हंगाम उलटून गेला होता.

मग कसणाऱ्याचे नाव कागदावर का येत नाही? कूळकायद्याची धास्ती. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळांना मालक केले, तेव्हापासून जमीनमालक तोंडी व्यवहारच पसंत करतो. त्याची भीती अगदीच खोटी नाही, म्हणून ती धरूनच वाट काढावी लागेल. फक्त मदतीपुरती वेगळी नोंदवही ठेवावी. तिच्यातल्या नावाला कुळाचा हक्क मिळणार नाही, असे कायद्यातच लिहावे आणि वर्षागणिक ती नव्याने भरावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शिवारातूनच पिकाची नोंद होते. तिच्याशी ही वही जुळवून घ्यावी.

खोटी नावे घुसतील, असा आक्षेप येईल. तलाठ्याच्या एकट्याच्या सहीवर सोडले तर घुसतीलच. म्हणून यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. कोणाच्या खाचरात चिखलणीला कोण उतरतो, हे वाडीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते.