पगारी सेवा आणि बिनपगारी कर्तव्य

याच दैनिकाच्या आतल्या पानावर छोट्या जाहिरातींचा एक रकाना असतो. 'वृद्धांच्या व रुग्णांच्या देखभालीसाठी मावशी, आया, वॉर्डबॉय मिळतील. १२ तास अथवा २४ तास' अशा मजकुराच्या जाहिराती त्यात वाचकांना नेहमी दिसत असतील. ज्यांच्या घरी अद्याप वेळ आलेली नाही, त्यांची नजर त्यांवरून निसटून जाते. पण ज्यांची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आहे, जिच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि जिला 'उद्या घरी न्या' असे डॉक्टरांनी सांगितले आहे, ते हा रकाना पोथी वाचावी तशा एकाग्रतेने वाचतात. दोनचार ठिकाणी फोन होतात, दर ठरतो, आणि संध्याकाळी एक अनोळखी स्त्री पिशवी घेऊन दारात उभी राहते. तिचे गाव कोणते, तिला काय येते, यापूर्वी ती कोणाकडे होती, यांपैकी एकाही प्रश्नाचे नीट उत्तर न घेता घरातील सर्वांत असहाय माणूस तिच्या हवाली केले जाते. जागा भाड्याने देताना आपण करारनामा करतो, त्याची नोंदणी करतो, पोलिसांना माहिती देतो. आईला परक्याच्या स्वाधीन करताना मात्र एक चिठोरेसुद्धा लिहिले जात नाही!

पैसे देऊन सेवा घेण्याच्या या रीतीला नाके मुरडणारेही पुष्कळ आहेत. 'पूर्वी असे नव्हते, म्हाताऱ्यांची सेवा घरातच होई' असे ते म्हणतात. आम्ही त्यांना एवढेच विचारतो, की ती सेवा करीत होते कोण? चिरंजीव तर कचेरीत जात होते. सासूचे अंथरूण स्वच्छ करणारी, सासऱ्यांना भरवणारी आणि रात्री खोकल्याचा आवाज आला की उठणारी सून होती. तिला ना पगार होता, ना रजा, ना नकार देण्याची मुभा. आज ती सून नोकरी करते, मुले बंगळुरात किंवा न्यू जर्सीत आहेत, आणि आयुर्मान वाढले आहे. २०११ च्या जनगणनेतच देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख भरली होती. महाराष्ट्रात दर शंभर माणसांत सुमारे दहा ज्येष्ठ होते. अशा स्थितीत पगार देऊन माणूस ठेवण्यात पाप नाही आणि लाजही नाही. कित्येक घरांत तोच सर्वांत समंजस मार्ग असतो.

दोष आहे तो त्यापुढच्या समजुतीत. महिन्याच्या महिन्याला रक्कम पाठवली, की आपले कर्तव्य संपले, ही ती समजूत. तीस दिवसांच्या महिन्याचे तास ७२० होतात. परगावचा मुलगा रोज न चुकता पंधरा मिनिटे फोनवर बोलला, तरी महिन्याकाठी साडेसात तास भरतात. उरलेल्या सातशेहून अधिक तासांत आईने काय खाल्ले, गोळी घेतली की उशीखाली ठेवली, तिच्याशी कोणी दोन शब्द बोलले की दिवसभर दूरदर्शनसंच तेवढा बोलत राहिला, हे त्याला कसे कळणार? आई तर सांगणार नाही. मुलाला काळजी नको म्हणून ती सांगणार नाही, आणि मावशी समोरच उभी आहे म्हणूनही सांगणार नाही. हे दुसरे कारण आपण सहसा ध्यानात घेत नाही. जिच्या हातून पाणी प्यायचे, तिच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धैर्य अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोठून येणार?

म्हणून देखरेख हवी. पण देखरेख म्हणजे काय, याविषयीही घोटाळा आहे. अलीकडे खोलीत कॅमेरा बसवला की काम झाले, असे अनेकांना वाटते. आम्हांला ते मान्य नाही. ज्या खोलीत आईचे अंग पुसले जाते, कपडे बदलले जातात, तिचे चित्रण आपल्या दूरध्वनीवर पाहत राहणे ही काळजी की आईच्या लज्जेचा भंग? ती शुद्धीत असेल तर तिला आधी विचारले पाहिजे, आणि मावशीलाही सांगितले पाहिजे. शिवाय कॅमेऱ्याला पाठीवरची जखम दिसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते. तसे न झाल्यास त्वचा लाल होते, फाटते, आणि काही दिवसांत तेथे खोल व्रण पडतो. तो पाहण्यास प्रत्यक्ष माणूस लागतो, चादर उचलणारा हात लागतो. जवळ राहणारी भाची, पुतण्या, जुना शेजारी, कोणीतरी एक माणूस नेमून द्यावा आणि त्याने आठवड्यातून एकदा न कळवता जावे. उशाशी एक वही असावी. तीत औषधाची वेळ, जेवण, लघवी, शौच, ताप आणि झोप यांची रोज नोंद व्हावी. चाळीस पानांची ती वही महागड्या यंत्राहून अधिक सांगते.

दुसरा घोटाळा मावशी आणि परिचारिका यांत होतो. सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रमसुद्धा दोन वर्षांचा असतो, सामान्य परिचर्येचा तीन वर्षांचा. पांढरा कोट घातला म्हणून कोणी 'सिस्टर' होत नाही. नाकातील नळीतून अन्न देणे, लघवीची नळी बदलणे, इंजेक्शन देणे ही कामे अशिक्षित हाताकडून करून घेणे म्हणजे चार पैसे वाचवून प्राण पणाला लावणे होय. त्यात काही बिघडले, तर दोष त्या बाईचा नव्हे, तिला ते काम सांगणाऱ्याचा आहे.

आणि त्या बाईचेही ऐकले पाहिजे. 'चोवीस तासांची मावशी' हा शब्द आपण किती सहजपणे उच्चारतो! चोवीस तास जागे राहील असे माणूस विधात्याने घडवलेले नाही. रात्री चार वेळा उठणाऱ्या स्त्रीला दुपारी दोन तास झोप, आठवड्याची सुट्टी, पोटभर ताजे जेवण आणि पाठ टेकायला जागा मिळते काय? ब्यूरोला दिलेल्या रकमेतून तिच्या हाती किती पडते, हे किती घरांनी कधी विचारले आहे? थकलेल्या हाताचा झटका अखेर आपल्याच आईच्या दंडाला बसतो. मावशीला नीट वागवणे हा केवळ उपकाराचा किंवा औदार्याचा प्रश्न नाही. आईच्या चांगल्या सेवेची ती पहिली अट आहे.

शासनाने या क्षेत्राकडे अर्ध्याच नजरेने पाहिले आहे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांचा हक्क दिला, आणि ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. पण ते रुग्णालयातील उपचारांचे आहे. रुग्ण घरी परतला की ही छत्री मिटते, आणि मावशीचा पगार आयुष्यभराच्या शिलकीतून द्यावा लागतो. दुसऱ्या बाजूला, महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्येच केला. तरीही जानेवारी २०२५ मध्ये घरकामगारांच्या कायदेशीर संरक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला सांगावे लागले.

आमची मागणी साधी आहे. माणसे पुरवणाऱ्या प्रत्येक ब्यूरोची नोंदणी सक्तीची असावी. पाठवलेल्या व्यक्तीचे शिक्षण, ओळख आणि पगारातील तिचा वाटा लेखी करारात नमूद असावा. तक्रार नोंदवण्यास एक ठिकाण असावे, आणि ते घरमालकाइतकेच मावशीलाही खुले असावे. सचोटीने काम करणाऱ्या ब्यूरोंचे यात काहीच बिघडणार नाही. उलट त्यांचे नाव होईल. अशी नोंदणी सुरू झाल्यास तिच्या क्रमांकावाचून या प्रकारची जाहिरात न छापण्याचे बंधन आम्हीही आनंदाने स्वीकारू. त्यात आमच्या उत्पन्नाचा काही भाग जाईल, तो जाऊ द्यावा.

परंतु कायदा आईच्या उशाशी बसणार नाही. तेथे आठवड्यातून एकदा कोणीतरी बसावयास हवे, वही चाळावयास हवी, चादर उचलून पाहावयास हवी, आणि मावशीला 'तुम्ही जेवलात का?' असे विचारावयास हवे. या कामाला पगार नाही, म्हणूनच ते आपले आहे.