आरोग्यविचार : बद्धकोष्ठता आणि डॉक्टरांची चिठ्ठी

सोलापूरच्या पेठेतील व्यापाऱ्याचा दिवस गादीवर सुरू होतो आणि गादीवरच मावळतो. गिऱ्हाईक समोर असताना तहान पुढे ढकलली जाते, शौचाची भावनाही पुढे ढकलली जाते. उन्हाळ्यात पारा 42 अंशांपर्यंत चढतो. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य होतात. सूर्यास्तानंतर पाणीही नाही. या साऱ्याची बेरीज पुष्कळ घरांत बद्धकोष्ठतेत होते. वाच्यता मात्र होत नाही. दुकानातून रेचक चूर्ण येते आणि वर्षानुवर्षे तेच चालते. तीव्र रेचकाने पोटात मुरडा येतो, शरीरातील क्षार घटतात आणि मूळ कारण झाकलेले राहते.

कारणे अनेक असतात. थायरॉईडची मंदता, मधुमेह, लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळ्या, काही वेदनाशामके यांनीही मलावरोध होतो. पोटदुखी वारंवार होत असेल आणि तिचा संबंध शौचाशी किंवा त्याच्या बदललेल्या स्वरूपाशी असेल, तर डॉक्टर आयबीएस, म्हणजे आतड्याच्या अतिसंवेदनशीलतेचा विचार करतात. तो मनाचा खेळ नव्हे. मात्र चिंतेने तो बळावतो.

उपचाराची पहिली पायरी साधी आहे : भाकरी, डाळी, फळे, पुरेसे पाणी आणि इसबगोल. इसबगोल पाणी शोषून फुगतो, म्हणून तो पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावा. चौविहार पाळणाऱ्यांनी तो सूर्यास्तापूर्वी घ्यावा. निर्जळ उपवासाच्या दिवशी घेऊच नये, कारण पाण्याविना तो अन्ननलिकेत वा आतड्यात अडकू शकतो.

एवढ्याने भागले नाही, तर लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल दिले जाते. ही औषधे आतड्यात पाणी धरून ठेवतात; गुण येण्यास एक ते तीन दिवस लागतात. त्याही पुढची प्रुकॅलोप्राइड आतड्याची हालचाल वाढवते, तर ल्युबिप्रोस्टोन व लिनॅक्लोटाइड आतड्यातील स्राव वाढवतात. ही चिठ्ठीवरचीच औषधे आहेत. प्रुकॅलोप्राइडची मात्रा प्रौढांस बहुधा दिवसाला 2 मिलिग्रॅम असते, तर 65 वर्षांवरील रुग्णास 1 मिलिग्रॅमपासून आरंभ करतात. शेजाऱ्याची गोळी आपल्या वडिलांना देणे म्हणूनच धोक्याचे.

टेगासेरॉडचा इतिहास येथे आठवावा. हे औषध अमेरिकेत 2002 मध्ये आयबीएससाठी मान्य झाले. हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण अधिक दिसल्याने 2007 मध्ये त्याची विक्री थांबली. भारतात 2011 मध्ये त्यावर बंदी आली. नवे औषध म्हणजे निर्धोक औषध, असे गणित मांडता येत नाही.

जैन कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न असतो. बहुतेक कॅप्सूलचे कवच प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनचे असते. त्या संकोचाने औषध गुपचूप टाळण्यापेक्षा डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. गोळी, पातळ औषध वा वनस्पतिजन्य कवचाचा पर्याय पुष्कळदा मिळतो. उपवासांचे दिवस व पाण्याचे नियमही त्यांना आधीच सांगावेत, म्हणजे औषधाच्या वेळा त्याप्रमाणे बसवता येतात.

शौचातून रक्त, अकारण घटणारे वजन, रक्ताल्पता, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी काहीही असेल तर चूर्णाची पुडी बाजूला ठेवून तपासणी करावी. घरातील वडीलधाऱ्यांनी हे सांगण्याची लाज बाळगू नये, आणि मुला-सुनांनी ते विचारण्याची.