घर आपले, इमारत कोणाची?

कल्याण पूर्वेला चिकणीपाड्यात ‘सप्तशृंगी’ नावाची इमारत आहे. २० मे २०२५ रोजी दुपारी तिच्या चौथ्या मजल्यावर लादी बसविण्याचे काम चालू होते. ते चालू असतानाच स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांचे स्लॅब बरोबर घेऊन तळापर्यंत आला. सहा माणसे मेली. त्यांत एक लहान मूलही होते. पुढचे सारे रीतीप्रमाणे झाले. ज्याच्या घरात काम चालले होते त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला, मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली, उरलेली कुटुंबे बाहेर काढली गेली. आठ-दहा दिवसांत वर्तमानपत्रांचे लक्ष पावसाकडे वळले.

ज्याने लादी बदलावयास घेतली त्याचा दोष काय तो न्यायालय ठरवील. परंतु एवढ्यावर प्रकरण मिटले असे मानणे म्हणजे आग लागल्यावर काडीपेटीला शिक्षा करणे होय. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कोणत्याही सकाळी शेकडो घरांतून छिन्नी-हातोड्याचा आवाज येत असतो. कुठे मोरी फोडून न्हाणीघर मोठे केले जाते, कुठे दोन खोल्यांमधली भिंत पाडली जाते, कुठे गच्चीवर कोबा चढतो. हे काम कोणी करावे, कोणाला विचारून करावे, त्यात काही बिघडले तर जबाबदार कोण, या प्रश्नांना या शहरांत आज उत्तर नाही. ते का नाही याचा शोध घ्यावयाचा तर ही शहरे कशी वसली येथपासून सुरुवात केली पाहिजे.

आगगाडी ठाण्यास १८५३ साली आली आणि पुढच्या वर्षी कल्याणला पोहोचली. पण मुंबईचा मध्यमवर्ग व कामगारवर्ग मोठ्या संख्येने या बाजूला आला तो स्वातंत्र्यानंतरच्या काळात. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींत तो भाड्याने राहत होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने त्याला संरक्षण दिले, परंतु गोठलेल्या भाड्याचे निमित्त करून मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली. दर पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या, माणसे मरू लागली. त्याविरुद्ध ओरड झाली आणि १९६९ साली मुंबई शहरातील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा व पुनर्रचनेचा कायदा झाला. इमारतींवर उपकर बसला, दुरुस्तीसाठी मंडळ निर्माण झाले. पुढे ते म्हाडात सामील झाले. त्या मंडळाच्या कारभारावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. तथापि एक तत्त्व त्या कायद्याने मान्य केले: इमारत सुरक्षित ठेवणे हे केवळ मालकाचे वा भाडेकरूचे खाजगी काम नव्हे, ते समाजाचे काम आहे.

चाळीतील खोली सोडून डोंबिवलीत वा ठाण्यात जो ‘ओनरशिप’चा ब्लॉक घेण्यात आला, त्याच्याबरोबर हे तत्त्व आले नाही. उपकराची व दुरुस्ती मंडळाची हद्द मुंबई शहरापुरतीच राहिली. ठाणे महानगरपालिका १९८२ साली आणि कल्याणची १९८३ साली स्थापन झाली, तोपर्यंत शेकडो इमारती उभ्या राहून गेल्या होत्या. पागडीच्या जाचातून सुटल्याचा आनंद खरा होता. मुलांना स्वतंत्र खोली मिळाली, घरात नळ आला. त्या आनंदात कोणाच्या ध्यानात आले नाही की आपण खोली विकत घेतली आहे, इमारत नव्हे. १९६३ च्या ओनरशिप फ्लॅट कायद्याने सोसायटी स्थापन करून जमीन व इमारत तिच्या नावे करून देण्याचे बंधन बिल्डरवर घातले. ते इतक्या सर्रास मोडले गेले की २००८ साली कायद्यात दुरुस्ती करून बिल्डरच्या सहीवाचून ‘मानीव अभिहस्तांतरण’ मिळविण्याची सोय करावी लागली. तरीही असंख्य सोसायट्यांच्या पायाखालची जमीन आजही कागदोपत्री दुसऱ्याचीच आहे.

हे झाले कायदेशीर इमारतींचे. बेकायदा इमारतींत सोसायटीच नसते. असलीच तर ती नळपाणी आणि रखवालदार यांच्या वर्गणीपुरती असते. बनावट परवानग्यांच्या आधारे ‘रेरा’ची नोंदणी मिळविलेल्या डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयापुढे गेले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. तेव्हा आयुष्यभराची पुंजी घातलेल्या, बँकेचे हप्ते फेडणाऱ्या कुटुंबांवर रस्त्यावर येण्याची पाळी आली. बनावट शिक्के कोणी मारले, ते कोणी पाहिले नाहीत, हा प्रश्न मागे पडला आणि घर सोडावे लागणार ते घेणाऱ्याला, एवढे मात्र निश्चित झाले. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम चालू असतानाच जी इमारत कोसळली, तिच्यात ७४ माणसे मेली. २०१५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभराच्या अंतराने ठाकुर्लीत आणि ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या इमारती पडल्या. नवी इमारत पडते, जुनी पडते, कायदेशीर पडते, बेकायदाही पडते. दोष एखाद्या व्यक्तीचा असता तर त्यात एवढे सातत्य दिसले नसते.

ज्याची इमारत नाही त्याने दुरुस्ती करावी ती कोठे? अर्थात आपल्या चार भिंतींच्या आत. वरच्या मजल्यावरून पाणी झिरपते. वरचा म्हणतो पाइप सोसायटीचा, सोसायटी म्हणते न्हाणीघर तुमचे. वर्षभर भांडून झाल्यावर खालचा आपल्या छताला गिलावा करून रंग लावतो. गिलाव्याखाली सळई गंजतच राहते. रोग झाकला गेला की बरा झाला असे आपण समजतो. अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्याची गत याहून वाईट. वर्षाकाठी टेम्पोत संसार भरून त्याने घर बदलावयाचे. दलालाला एक महिन्याचे भाडे, मालकाला डिपॉझिट, जाताना रंगाचे पैसे कापून घेतले तर मुकाट्याने सोसायचे. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे मालक दुरुस्ती करीत नसेल तर भाडेकरूने नोटीस देऊन ती करावी व मर्यादित खर्च भाड्यातून वळता करावा अशी तरतूद आहे. परंतु लायसन्सवर राहणारा कायद्याच्या दृष्टीने भाडेकरूच नव्हे. सोसायटीच्या सभेत त्याला मत नाही. छताला तडा गेलेला प्रथम दिसतो त्यालाच, आणि बोलण्याचा अधिकार नाही तोही त्यालाच.

आता काम कसे होते ते पाहावे. घरमालक ओळखीच्या कंत्राटदाराला बोलावतो. अंदाजपत्रक तोंडी, उचल रोख, पावती नाही. कंत्राटदार ते काम चौरस फुटाच्या दराने दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. तो दुसरा सकाळी नाक्यावर जातो आणि तेथे उभ्या असलेल्या गवंडी व बिगाऱ्यांतून तिघांना उचलतो. कोणता खांब भार घेतो आणि कोणती भिंत नुसता आडोसा आहे, हे सांगणारा इंजिनियर या साखळीत कोठेही नाही. जुनी लादी काढून राडारोडा खाली नेण्याचे पैसे वाचावेत म्हणून तिच्यावरच नवी चढविली जाते.

याचा हिशेब कोणी मांडत नाही, तो येथे मांडू. दोन इंच जाडीचा सिमेंट-वाळूचा थर आणि त्यावर लादी यांचे वजन चौरस फुटाला सुमारे अकरा-बारा किलो भरते. चारशे फुटांच्या घरात हे ओझे साडेचार टनांच्या आसपास जाते. राहत्या घरातील माणसे व सामान यांच्यासाठी भारतीय मानकांत जो भार धरला जातो तो चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास, म्हणजे चौरस फुटाला अठरा-एकोणीस किलो. अर्थात माणसे आणि सामान यांच्यासाठी राखलेली निम्म्याहून अधिक शक्ती एकटी लादीच खाऊन टाकते. नव्या, भक्कम इमारतीत हे कदाचित निभावेल. तीस-चाळीस वर्षांच्या, खाडीच्या दमट हवेत सळया फुगलेल्या इमारतीत ते निभावेल याची हमी कोण देणार? प्रत्येक मजल्यावर प्रत्येकाने एकदा असे केले तर बेरीज किती होते ती वाचकांनीच करावी.

आणि ज्याच्या हातात हातोडा असतो तो? स्लॅब पडला तर पहिला बळी त्याचाच जाण्याचा संभव. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातून घरमालकाने स्वतःच्या राहत्या घरासाठी करवून घेतलेले दहा लाखांपर्यंतचे काम वगळलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांत ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली आहे, आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली कामेही वगळली आहेत. ठाणे-डोंबिवलीतील कोणती घरदुरुस्ती पन्नास लाखांची असते, आणि कोणत्या कामावर दहा माणसे असतात? म्हणजे घरदुरुस्तीचा सारा व्यवसायच सुरक्षेच्या कायद्याबाहेर ढकलला गेला. कल्याणकारी मंडळाकडे नोंद करावयाची तर मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा. महिन्यात आठ घरमालक बदलणाऱ्या नाका कामगाराला तो कोणी द्यावा? त्याला कामावर ठेवणारे हजारो आहेत, पण त्याचा मालक कोणीच नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. हप्ते, फी, औषधपाणी यांतून जेमतेम शिल्लक टाकून मोरी दुरुस्त करणाऱ्या कारकुनाला तुम्ही मालक ठरवून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता काय? आणि महापालिकेची परवानगी सक्तीची केली तर चिरीमिरीचे आणखी एक दार उघडणार नाही काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की हा कारकून आणि तो गवंडी एकाच स्लॅबखाली उभे आहेत. दोघांना एकमेकांविरुद्ध घासाघीस करावयास लावून नफा नेतो तो तिसराच. दुसरा धोका खरा आहे. म्हणूनच एकेकट्याने खिडकीपुढे रांग लावण्याचा मार्ग आपण सुचवू नये. एकट्याला परवाना हे ओझे असते, संघटित रहिवाशांना तो हक्क म्हणून मागता येतो.

तेव्हा मागणी काय असावी? पहिली, ठाणे जिल्ह्यातील महानगरपालिकांसाठी दुरुस्ती मंडळ. मालमत्ता कराचा ठराविक हिस्सा त्यासाठी राखून ठेवावा आणि त्यातून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी विनामूल्य व्हावी. तीस वर्षांवरील इमारतींनी मजबुतीचा दाखला आणावा असे कायदा सांगतो. पण तपासणीची फी आणि नंतरचा दुरुस्तीचा खर्च कोठून आणावा हे सांगत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ‘धोकादायक’ अशी नोटीस डकवून महापालिकेने हात झटकणे आता पुरे झाले. घर रिकामे करणाऱ्याला पर्यायी जागा आणि परत येण्याचा लेखी हक्क, या दोन गोष्टींशिवाय कोणीही घर सोडणार नाही, आणि सोडत नाही याबद्दल त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरी मागणी नाका कामगारांसाठी. १९६९ साली, ज्या वर्षी दुरुस्तीचा कायदा झाला त्याच वर्षी, महाराष्ट्राने माथाडी कामगारांचा कायदा केला. ज्यांना रोज नवा मालक भेटतो अशा हमालांसाठी नोंदणी, मजुरीचा भरणा आणि भविष्यनिर्वाह निधी यांची व्यवस्था मंडळामार्फत करता येते, हे त्या कायद्याने सिद्ध केले. पुढे त्याच्या नावाखाली खंडणी उकळणारे निघाले हे खरे. पण त्यामुळे मूळ कल्पना खोटी ठरत नाही. घरदुरुस्तीच्या कारागिरांची अशीच नोंद नाक्यावरच व्हावी, प्रत्येक कामाची दैनंदिनी मंडळाच्या वहीत चढावी, आणि ती वही हाच नव्वद दिवसांचा दाखला मानला जावा.

तिसरे काम सरकारची वाट न पाहता करण्यासारखे आहे आणि ते कार्यकर्त्यांचे आहे. आपल्यापैकी पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या सोसायटीचे सभासद आहेत. वार्षिक सभेत पार्किंगवर दोन तास वाद होतो, इमारतीवर दहा मिनिटेही बोलले जात नाही. तेथे उभे राहून तीन ठराव मांडावेत: भिंत, खांब वा लादी यांना हात लावण्यापूर्वी इंजिनियरचे लेखी मत घ्यावे आणि त्याचा खर्च सर्वांनी मिळून उचलावा, प्रत्येक कामाचा करार कागदावर व्हावा व त्यात कामगारांची नावे आणि विमा असावा, लायसन्सवर राहणाऱ्यांना दुरुस्तीच्या विषयावर सभेत बोलू द्यावे. जेथे सोसायटी नाही तेथे शाखेने मे महिन्यात घरोघरी जाऊन तड्यांची आणि गळतीची यादी करावी व ती मोर्चाने महापालिकेत न्यावी. चाळीत राहणाऱ्यांनी १९६९ पूर्वी हेच केले होते.

खोलीची किल्ली प्रत्येकाकडे वेगळी असते; पण स्लॅब, खांब आणि पाया हे सगळ्यांचे असतात. ही गोष्ट चाळीत सांगावी लागत नसे. ब्लॉकमध्ये ती सांगावी लागते, आणि पुढचा स्लॅब कोसळण्याआधी सांगावी लागते.