दोन रुपयांच्या नाण्यावरचा चौथा सिंह



गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात मी एक जुनं दोन रुपयांचं नाणं नेलं होतं. १९९९ सालचं, अकरा कोनांचं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला छत्रपती शिवाजी महाराज. नाणं हातोहात फिरलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा नुकताच घरच्यांबरोबर होडीतून सिंधुदुर्ग किल्ला बघून आला होता. नाणं निरखून तो म्हणाला, "बाई, किल्ल्यातल्या देवळात म्हाराजांका दाढी नाय. मगे हेच्यार कशी?"

मी काय केलं? "पुढच्याला दे ते नाणं," म्हणून त्याला गप्प बसवलं.

खरं सांगते, मला भीती वाटली. राजकोटचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. आपल्या सगळ्यांच्या मनाला ते लागलं होतं. मे २०२५ मध्ये तिथे नवा पुतळा उभा राहिला, तरी महाराजांच्या रूपाबद्दल वर्गात काही बोलायचं म्हणजे जपूनच, असं मनात बसलं होतं. पण घरी आल्यावर वाटलं, त्या मुलाने इतिहासाचा सर्वांत चांगला प्रश्न विचारला होता आणि मी तो वाया घालवला. नाण्यावरची मूर्ती किती खरी मानायची? हा प्रश्न जगभरचे अभ्यासक विचारत आले आहेत.

रोमन साम्राज्यातलं उदाहरण घ्या. तिथल्या प्रांतांत कितीतरी शहरं आपापली तांब्या-काशाची नाणी पाडत. एका बाजूला बहुधा सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला आपल्या गावाचा मान. आपण जसं 'आमचा किल्ला', 'आमची जत्रा' म्हणतो, तसं ते 'आमची मूर्ती' म्हणून देवळातला प्रसिद्ध पुतळा नाण्यावर कोरत. क्नीडोस नावाच्या बंदराच्या गावात प्राक्सितेलीस या ग्रीक शिल्पकाराने घडवलेली अफ्रोदितीची मूर्ती होती. ती मूर्ती आज नाही. पण सम्राट काराकाला याच्या काळातल्या क्नीडोसच्या एका नाण्यावर ती कोरलेली आहे. वेगवेगळ्या संग्रहालयांतल्या संगमरवरी मूर्तींपैकी तिच्या नकला कोणत्या, हे त्या नाण्याच्या आधाराने ओळखता आलं. बोटाच्या पेराएवढं नाणं, आणि हरवलेल्या मूर्तीचा पत्ता त्याने सांगितला!

ऑलिंपियाच्या झ्यूसचंही तसंच. फिडियसने घडवलेली ती सोन्याची आणि हस्तिदंताची भव्य बैठी मूर्ती जगातल्या सात आश्चर्यांत गणली जायची. तीही नष्ट झाली. सम्राट हेड्रियनच्या काळात एलिसच्या लोकांनी पाडलेल्या नाण्यांवर ती दिसते. पौसानियास नावाच्या प्रवाशाने दुसऱ्या शतकात तिचं वर्णन लिहून ठेवलं आहे, तेही आपल्याकडे आहे. नाणं आणि वर्णन शेजारी ठेवलं की एकाची साक्ष दुसऱ्याकडून तपासता येते.

हे सगळं फार लांबचं वाटतं का? मग घाट चढून कोल्हापूरला चला. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती सापडली. रोमशी चालणाऱ्या व्यापारातून ती इकडे आली. कोरिंथ शहराच्या नाण्यांवर हाच देव वेगवेगळ्या पवित्र्यांत उभा दिसतो. आपल्या सहली रंकाळा आणि पन्हाळा करून परततात. टाऊन हॉलच्या संग्रहालयात अर्धा तास थांबलं, तर नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या आपल्या मुलांना दुसऱ्या किनाऱ्यावरचा समुद्रदेव बघायला मिळेल.

पण नाणं सगळंच सांगत नाही. तेही आपल्याच खिशातल्या नाण्यावर दिसतं. मुलांना विचारा, सिंह किती? सगळी एका सुरात 'तीन' म्हणतील. सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावर मात्र चार सिंह आहेत, पाठीला पाठ लावून. नाणं सपाट, म्हणून चौथा मागे राहिला. सिंहांखालच्या पट्टीवर घोडा आणि बैल दिसतात. हत्ती आणि आणखी एक सिंह आपल्याला न दिसणाऱ्या बाजूंना आहेत. मूळ स्तंभावर सिंहांच्याही वर एक मोठं चक्र होतं. त्याचे तुकडेच सापडले, आणि राजमुद्रेत ते घेतलेलं नाही. म्हणजे १९५० पासून आपण रोज हाताळतो ते नाणं खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतं. ठसा कोरणारा कारागीर काही ठेवतो, काही सोडतो. रोमन काळातही हेच चालायचं. एकाच मूर्तीची दोन नाणी तंतोतंत जुळतातच असं नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. महाराजांनी स्वतःच्या नाण्यांवर चेहरा कोरलाच नाही. शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' एवढीच अक्षरं आहेत. त्या काळात आजूबाजूला फारसी अक्षरांची नाणी चालत होती, तेव्हा आपल्या राजाने देवनागरी निवडली. चेहरा नाही, अक्षर हीच त्यांची ओळख! किल्ल्यातल्या शिवराजेश्वर मंदिराची मूर्ती राजाराम महाराजांच्या काळातली, म्हणजे महाराजांच्या निधनानंतरची. ती वीरासनात बसलेली, बिनदाढीची आणि पूजेची. महाराजांच्या काळाच्या आसपासची चित्रं युरोपातल्या संग्रहालयांत आहेत, त्यांत दाढी आहे. १९९९ च्या नाण्यावरचा चेहरा तीनशे वर्षांनंतर काढलेला आहे. पूजेच्या मूर्तीचं काम वेगळं, चित्राचं वेगळं आणि सरकारी नाण्याचं वेगळं. प्रत्येक साक्षीदाराला एकच विचारायचं: तू कधीचा, कुणासाठी बनलास, आणि काय सोडलंस?

काही पालक म्हणतील, 'बाई, पोरांच्या मनात शंका कशाला भरवता?' मला वाटतं, शंका आणि अश्रद्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवर रोज महाराजांची नवी नवी चित्रं येतात, काही तर संगणकानेच बनवलेली. मुलं ती खरी मानून पुढे पाठवतात. नाणं तपासायला शिकलेलं मूल चित्रही तपासून बघेल. त्याचा महाराजांबद्दलचा आदर त्याने कमी होणार नाही. उलट, तो ऐकीव न राहता त्याचा स्वतःचा होईल.

वर्गात काय करता येईल?

१. मुलांना घरून कुठलंही एक नाणं किंवा नोट आणायला सांगा. वीस रुपयांच्या नव्या नोटेवर वेरूळ आहे, दहाच्या नोटेवर कोणार्कचं सूर्यमंदिर. चित्रात काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे वहीत लिहून घ्या.

२. वर्गातली एखादी वस्तू, समजा पितळी घंटा, मध्ये ठेवा. चौघांनी चार बाजूंनी बसून रुपयाएवढ्या गोलात तिचं चित्र काढायचं. चारही चित्रं वेगळी येतात. मग प्रत्येकाने काय सोडलं ते शोधायचं.

३. कुणाच्या देव्हाऱ्यात किंवा पेटीत जुनं नाणं असेल, तर पालकांच्या परवानगीने ते बघू द्या. एक मात्र लक्षात ठेवा: चिंच किंवा राख लावून घासू नका. वरचा थर गेला की अक्षरंही झिजतात. आणि झिजलेला साक्षीदार परत बोलत नाही.

यंदा शाळा सुरू झाल्यावर मी त्या मुलाला बोलावलं. तो आता पाचवीत आहे. म्हटलं, "तुझा प्रश्न बरोबर होता, मीच चुकले." तो लाजला. मग मी तेच नाणं त्याच्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "सिंह किती?"

तो नाणं उलटसुलट करून बघत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तीन दिसतत, बाई. पण एक फाटल्यान आसतलो."

मागे असणार! हे त्याला मी सांगितलं नव्हतं.