चितेगावचा ताळेबंद आणि पाण्याचे भांडवल

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील चितेगावात शेतशिवारालगत कारखानदारी उभी राहिली. व्हिडिओकॉनच्या प्रकल्पामुळे गावाचे नाव देशभर पोहोचले. आता शेजारच्या बिडकीनला ‘ऑरिक’ची औद्योगिक वसाहत आकार घेत आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने याच पट्ट्यातील मोटार प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. रोजगारासाठी आसुसलेल्या मराठवाड्याने अशा गुंतवणुकीचे स्वागत करणे स्वाभाविकच आहे. मात्र, जमीन आणि पाणी देऊन कारखाना घेण्याचा हा व्यवहार बरोबरीचा ठरतो का, हा प्रश्न उरतोच.

पर्यावरणीय अर्थशास्त्रात या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. रॉबर्ट सोलो आणि जॉन हार्टविक यांच्या मांडणीतून आलेली ‘दुर्बल शाश्वतता’ एकूण भांडवल पाहते. निसर्गाचा साठा घटला तरी त्याच्या उत्पन्नातून यंत्रे, रस्ते आणि शिक्षण उभे राहिले, तर पुढच्या पिढीचे नुकसान होत नाही, असे ती मानते. हर्मन डेली यांनी पुरस्कारलेली ‘सबल शाश्वतता’ ही अदलाबदल अमान्य करते. समुद्रात मासेच उरले नाहीत, तर नव्या होड्या काय कामाच्या, हा तिचा सवाल आहे. निसर्ग आणि यंत्रे एकमेकांना पूरक असतात. एकाची उणीव दुसरे भरून काढत नाही.

दुर्बल शाश्वततेचा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबातील मुलगा कारखान्याच्या पगारावर शिकला, तर गावाचे भांडवल वाढलेच. परंतु मानवनिर्मित भांडवलही अविनाशी नसते. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. समूहातील १३ कंपन्यांवर सुमारे ६४ हजार ८०० कोटी रुपयांचे दावे मान्य झाले होते. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये मंजूर झालेली योजना अवघ्या २ हजार ९६२ कोटींची होती आणि तीही जानेवारी २०२२ मध्ये अपिलात रद्द झाली. ही रक्कम देशभरातील व्यवसायाची, एकट्या चितेगावची नव्हे. तरीही कारखान्याचे मोल बाजाराबरोबर किती झपाट्याने ओसरते, हे त्यातून दिसते.

पाण्याच्या बाबतीत तर अदलाबदलीचे गणितच कोलमडते. या भागातील बेसॉल्ट खडकात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. त्यामुळे सारी मदार पैठणच्या जायकवाडीवर असते. १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणाचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर आहे. तो २०१६ च्या उन्हाळ्यात संपून मृतसाठ्यावर वेळ आली. तेव्हा औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात १० मेपासून ६० टक्के कपात झाली. अन्य उद्योगांनाही झळ बसली. यंत्रे होती, भांडवल होते, कामगार होते, पाणी नव्हते. डेली यांचा मुद्दा त्या उन्हाळ्याने मराठवाड्यात सिद्ध केला.

याचा अर्थ कारखाने नकोत, असा मुळीच नाही. सबल शाश्वतता एक मर्यादारेषा मागते: पिण्याचे पाणी, भूजलाची किमान पातळी आणि नदीची स्वच्छता यांचा सौदा होऊ नये. त्या रेषेच्या वर कोणता उद्योग आणावा, हे बाजार आणि शासन यांनी खुशाल ठरवावे. अवर्षणाच्या वर्षी किती पाणी मिळेल, सांडपाणी शुद्ध करून किती पुन्हा वापरता येईल आणि गावच्या विहिरींचे काय होईल, याचा हिशेब मात्र कराराआधी मांडला गेला पाहिजे. बंद पडलेला कारखाना नवा मालक सुरू करू शकतो. आटलेल्या विहिरीत पाणी आणणारा गुंतवणूकदार अद्याप जन्माला आलेला नाही.